सपाट रस्त्यावरची पेशवाई

काशीच्या आसपास सायकल चालवायला दम लागत नाही, ही गोष्ट आम्ही घरच्या मंडळींपासून कटाक्षाने लपवून ठेवली होती. मी साताऱ्याचा. आमच्याकडे निम्मा वेळ माणूस सायकलवर असतो आणि उरलेला निम्मा वेळ चढावर तिला ढकलत असतो. बँकेने बदली करून मला बनारसला पाठवलं, आणि वरुणेचा पूल ओलांडल्यावर मी पहिल्यांदा तो रस्ता पाहिला. तव्यासारखा सपाट. दोन्ही बाजूंना गहू, आंब्याच्या बागा, मध्येच एखादं तळं आणि त्याच्या काठी जुनी दगडी धर्मशाळा. पंचक्रोशीच्या वाटेवरची ही गावं. यात्रेकरू ती वाट अनवाणी चालतात. आम्ही ती सायकलवरून, पुण्याचा लवलेशही न मिळवता पार करायचो आणि घरी येऊन बायकांकडून पाय चेपून घ्यायचो.

आम्ही म्हणजे तिघे. एक दुर्गाघाटाचे गुरुजी, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांचं घराणं सात पिढ्या काशीत. धोतराला क्लिप लावून ते सायकलवर बसत आणि ‘‘अहो, रस्ता सीधा आहे तर जल्दी कशाला करता, आराम से चला की,’’ अशा त्यांच्या घरच्या मराठीत सर्वांना मागे ओढत. दुसरे रेल्वेतले साहेब, मूळ पुण्याचे. हे मूळ सांगायला त्यांना प्रस्तावना लागत नसे. तिसरा मी. गल्लीतून बैल चुकवत मैदागिनच्या चौकापर्यंत सायकली हाताने न्यायच्या आणि तिथून स्वार व्हायचं, हा रविवारचा नेम होता.

साहेबांना इतिहासाचं वेड होतं. वेडात वाईट काही नाही, पण यांच्या इतिहासात मराठ्यांखेरीज कुणी काही बांधलेलंच नव्हतं. दशाश्वमेधाचा घाट आपल्या लोकांनी बांधला हे खरंच आहे. तेवढं एक खरं मिळाल्यावर साहेबांनी काशीपासून वीस मैलांच्या परिसरातला प्रत्येक दगड आपल्या नावावर चढवायला घेतला. तळं दिसलं की पेशव्यांचं. देवळाला कळस असला तर पेशव्यांचा, नसला तर तो पेशव्यांचाच होता पण पडला. एकदा त्यांनी एका कालव्याच्या मोरीचंही असंच केलं, आणि तिच्यावर इंग्रजीत साल कोरलेलं मी दाखवलं तेव्हा ‘‘दुरुस्तीचं साल असेल,’’ म्हणाले. गुरुजी मान डोलावत. मीही डोलवायचो. परमुलखात आपलं काहीतरी आहे असं ऐकायला कुणाला नको असतं?

आणि मग आम्हाला ती विहीर सापडली.

गावाचं नाव सांगत नाही. रस्त्याला लागूनच कडुनिंबाखाली ती होती, गोल, पक्की, गुळगुळीत झालेल्या कठड्याची. साहेबांनी रुमालाने विटांची जाडी मोजली. पातळ होत्या, जुन्या इमारतींत असतात तशा. झालं. विहीर पेशवाईतली ठरली. पाणी मात्र खरोखर गोड होतं, त्याच्याशी इतिहासाचा काही संबंध नव्हता.

विहिरीजवळच्या खोपटात एक म्हातारा राहायचा. ताठ अंगाचा, पांढऱ्या झुबकेदार मिशांचा. आम्ही सायकली टेकवल्या की तो न सांगता येई, बादली सोडी आणि आमच्या ओंजळीत पाणी ओती. आम्ही त्याला कधी काही विचारलं नाही. साहेबांना विचारायची गरजच नसे. तिसऱ्या रविवारी त्यांनी जाहीर केलं की हा मराठी फौजेबरोबर येऊन इथेच राहिलेल्या एखाद्या शिलेदाराचा वंशज असणार. ‘‘मिशा बघा ना, या काय इकडच्या मिशा आहेत?’’ गुरुजी सोवळ्याओवळ्याचे पक्के, दुकानातला चहासुद्धा न पिणारे. पण शिलेदाराच्या वंशजाने पेशवाई विहिरीतून काढलेलं पाणी त्यांनाही चाललं. ते तर एक तांब्या भरून घरी नेऊ लागले. ‘‘पूर्वजांचं पाणी आहे,’’ म्हणायचे.

हिवाळाभर हे चाललं. साहेबांनी काशीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या अंकासाठी लेख लिहायला घेतला. दशाश्वमेधाजवळच्या पेंटरकडून एक पत्र्याची पाटी रंगवून घेतली, निळ्यावर पांढरी अक्षरं, मराठीत आणि हिंदीत: ‘मराठाकालीन कूप’. मजकूर मी लिहून दिला होता, माझं अक्षर बरं म्हणून. चैत्र संपत आला तेव्हा ती पाटी कॅरियरला बांधून आम्ही निघालो. गुरुजींनी नारळ घेतला होता.

पाटी कडुनिंबाला ठोकली. नारळ फोडला. साहेबांनी दोन शब्द सांगितले, जे अर्धा तास चालले. ऊन चढलं होतं. म्हातारा बादली भरून एका बाजूला उभा होता. साहेब थांबल्यावर त्याने मला विचारलं, ‘‘एपर का लिखल हौ, बाबूजी?’’

मी हिंदीत वाचून दाखवलं, आणि मराठे म्हणजे कोण तेही सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘ना बाबूजी. ई इनार त हमार बाबू खनले रहलन.’’

ही विहीर त्याच्या बापाने खणली होती. बाप आणि त्याचे दोघे भाऊ, तीन उन्हाळे खणत होते. हा तेव्हा लहान होता, मातीच्या टोपल्या वर ओढायचा. विटा जवळच्या पडक्या नीळकोठीच्या, म्हणजे निळीच्या जुन्या कारखान्याच्या. ती कोठी पाडायच्या कामावर बाप होता आणि मजुरीऐवजी त्याने विटा मागून घेतल्या होत्या. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? गावचे ठाकूर आपल्या विहिरीवर यांच्या वस्तीला चढू देत नसत, म्हणून. त्याने आपली जात सांगितली, सहज, जशी आम्ही आमची सांगतो. मग हसून म्हणाला, ‘‘लिखवावत हउआ त बाबू क नाम लिखवा दा. बड़ा मेहनत कइले रहलन.’’

एवढंच त्याला हवं होतं. पाटी तयार होती, झाड होतं, खिळे होते. बापाचं नाव तेवढं घालायचं होतं.

आयत्या बिळावरच्या आम्हा तिघा नागोबांना आता बीळ सोडायचं होतं. गुरुजींनी आपला भरलेला तांब्या उचलला आणि निंबाच्या मुळाशी उपडा केला. रिकामा तांब्या पिशवीत टाकला नाही, हँडलला लांब टांगला. साहेबांनी विटांकडे नव्याने पाहिलं आणि या फार जुन्या नसाव्यात असा शोध त्यांना तिथल्या तिथे लागला. मग त्यांनी पाटी काढली. म्हाताऱ्याला वाटलं, दुरुस्तीसाठीच नेताहेत. त्याने खिळे उपटायला मदत केली.

पाटी बांधून झाल्यावर त्याने बादली उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मला सपाटून तहान लागली होती. मागे गुरुजी आणि साहेब उभे होते. त्यांच्याकडे आमचं जाणंयेणं, जेवणखाण, मुलांच्या मुंजी, सगळं गणगोत त्या परक्या गावात तेवढंच.

‘‘तहान नाही,’’ मी हिंदीत म्हणालो.

त्याने बादली खाली ठेवली. त्याला कळलं. साठ वर्षं जे पाहत आला ते ओळखायला त्याला वेळ लागला नाही. परतीच्या रस्त्यावर गुरुजी म्हणाले, ‘‘आता सारनाथकडे जात जाऊ, तिकडचा रस्ता पण एकदम प्लेन आहे.’’ गणेशोत्सवाच्या अंकात साहेबांनी त्या मोरीवर लेख दिला.

मला झोप लागेना असं काही झालं नाही. मी व्यवस्थित जेवत होतो, बँकेत जात होतो. पण सारनाथला मी एकदाच गेलो, आणि त्यानंतर एका रविवारी पोटदुखीचं निमित्त सांगून एकटाच जुन्या रस्त्याने निघालो. कॅरियरला नवी पाटी होती. साहेबांची पाटी मी भंगारात जाण्याआधी मागून घेतली होती आणि पेंटरकडून पुसून ‘हा कूप यांनी खणला’ एवढं हिंदीत लिहून पुढे जागा सोडून आणली होती. जागा सोडली, कारण त्याच्या बापाचं नाव मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशीही आम्ही ते विचारलं नव्हतं. रंग आणि ब्रश मी खिशात घेतला होता आणि वाटेत स्वतःवर बराच खूश होतो.

म्हातारा दारात बसला होता. उठला नाही. मी पाटी दाखवली, वाचून दाखवली, आणि नाव विचारलं.

‘‘रहे दा, बाबूजी,’’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ‘‘जेकर पानी ना पीयत हउआ, ओकर नाम लिख के का करबा?’’

पाणी चालत नाही तर नाव लिहून काय करणार, असं तो विचारत होता. मग मी पाणी मागितलं. त्याने विहिरीकडे बोट दाखवलं. ‘‘बाल्टी उहाँ हौ.’’ आणि तो आत गेला.

इतके महिने आम्ही तिथे पाणी प्यायलो, पण दोराला हात कधी लावला नव्हता. मी बादली सोडली, ती वाकडी पडली, पुन्हा सोडली. तळहात सोलवटून निम्मी बादली वर आली. मी कठड्याशी वाकून प्यायलो, पोट भरेपर्यंत प्यायलो. बघायला तिथे कुणी नव्हतं, म्हणून तर मला ते प्यायला जमलं.