पोराच्या वतीने केलेली सही

आमच्या मुलाला, सम्यकला, सोडायला आम्ही दोघं बोटीने सैनिकी प्रशिक्षणाच्या बेटावर गेलो होतो. सिंगापूरमध्ये तशी पद्धतच आहे. पोरगा सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल होतो त्या दिवशी आईबापांनाही सोबत नेतात, बराकी दाखवतात, मेसमध्ये जेवू घालतात. माझी बायको मनीषा आपल्या ताटातलं चिकन त्याच्या ताटात टाकत राहिली आणि तो “आई, पुरे ना” म्हणत राहिला. जेवण झाल्यावर पोरांना रांगेत उभं केलं आणि रांग चालायला लागली. त्याने एकदा वळून बघितलं, आईकडे. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

तो चार वर्षांचा असताना मी तिथल्या कायमच्या वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी अर्ज केला. अर्जात माझ्यासोबत त्याचंही नाव होतं. मुलगा मोठा झाला की त्याला दोन वर्षं सैन्यात काढावी लागतील, हे मला माहीत होतं. सही केली तेव्हा तो माझ्या मांडीवर बसून पेनचं टोपण चावत होता. चौदा-पंधरा वर्षं फार लांब वाटली. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर गेले, त्यांनीही अशा काही सह्या केल्या असतील.

माझे वडील, अण्णा, आपल्या सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यापासून पुण्यात विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. सम्यकला बोलावणं आलं ते मी त्यांना फोनवर सांगितलं.

“म्हणजे पोराच्या वतीने तू भरती झालास,” ते म्हणाले. “आम्ही आपल्या पायांनी गेलो. आम्हाला कुणी ओढून नेलं नाही. ओढून आणलेला माणूस बंदूक धरेल रे, पण मन कुठून आणशील त्याचं?”

सुटकेची वाट एकच होती. पीआर सोडायचं आणि पुण्याला परतायचं. मग शिकायला किंवा नोकरीला तिथे परत येणं त्याला जवळजवळ अशक्य झालं असतं. मी हे सगळं सम्यकपुढे ठेवलं.

“आत्ता विचारताय?” तो म्हणाला.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला बसता बसता म्हणाला, “जातो मी. माझे सगळे फ्रेंड्स चाललेत. पुण्यात आजोबा सोडून मला ओळखतं कोण?”

तो गेला आणि आठवड्याच्या आत अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. मी मिळेल त्या विमानाने पुण्याला आलो. सम्यक सुट्टीच्या दिवशी घरी येईल, तेव्हा घर उघडं हवं, म्हणून मनीषा तिकडेच थांबली. कंपनीने मला खराडीच्या ऑफिसात जागा दिली. वाटलं होतं, निदान आपल्या गावात तरी येतोय.

पण ज्यांच्यासोबत मी वाढलो ते मित्र आता हिंजवडीपलीकडे किंवा अमेरिकेत. ऑफिसातली पोरं मला ‘सिंगापूरवाले सर’ म्हणतात आणि जेवायला वेगळ्या टेबलावर बसतात. अण्णांना गवार मंडईतलीच लागते, म्हणून एका शनिवारी तिथे गेलो. गाळ्यापुढे माझा नंबर यायची वाट बघत उभा राहिलो. दहा मिनिटांत सहा माणसं पुढून घेऊन गेली. शेवटी भाजीवाल्या बाई म्हणाल्या, “घ्यायचीय, का नुसती बघायला आलाय?” अठरा वर्षांपूर्वी मीही तिथे हात घालून पाव किलो निवडून घेत असे.

पहिल्या दोन आठवड्यांनंतर सम्यकला शनिवार-रविवार घरी सोडू लागले. अण्णांना थोडं बोलता येऊ लागल्यावर एका रविवारी सकाळी त्याने त्यांच्या मोबाइलवर फोन केला. त्यांचा हात चालत नाही आणि कमीही ऐकू येतं, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यासमोर धरतो. हे सम्यकला माहीत नव्हतं.

“पायाला फोड आले?” अण्णांनी अडखळत विचारलं.

“दोन्ही टाचांना.”

“फोडायचे नाहीत. आणि मोजे कोरडे ठेव.”

मग तो म्हणाला, “आजोबा, बाबांना सांगू नका हं. पहिल्या आठवड्यात मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. पळून जावंसं वाटत होतं.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “नाही सांगत,” ते म्हणाले. “मी तर पळालोच होतो.”

हे मी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं.

“पण तुम्ही तर स्वतःहून गेला होतात ना?”

“कसला स्वतःहून! घरात खाणारी सात तोंडं. वडिलांनी भरतीच्या मैदानावर नेऊन उभं केलं. छाती मापात भरली, घेतलं. तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी ट्रेनिंग सेंटरमधून निघालो आणि स्टेशनवर जाऊन बसलो.”

“मग परत का गेलात?”

“शेजारच्या खाटेवर मोरे म्हणून होता. शोधत आला. म्हणाला, तू गेलास तर मी मराठी कुणाशी बोलू? एवढंच. मग काढली चोवीस वर्षं.”

“माझ्या शेजारी विग्नेश आहे,” सम्यक म्हणाला. “रोज तोच उठवतो मला.”

“मग झालं,” अण्णा म्हणाले.

माझा हात अवघडला होता. त्याला हाक मारावी, माफी मागावी, असं फार वाटलं. पण मी तोंड उघडलं असतं तर अण्णांचा शब्द मोडला असता. फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, “तू काही ऐकलेलं नाहीस.”

“नाही,” मी म्हणालो.

दुपारी मनीषाचा फोन आला. “अहो, काय म्हणाला तो? तुमच्याशी बोलला का?”

“टाचांना फोड आलेत म्हणे,” मी म्हणालो. मला सांगता येण्यासारखं तेवढंच होतं.

तिकडे होतो तेव्हा घर म्हणजे पुणे, असं मी सांगत असे. इकडे आल्यावर, कुणी विचारलंच तर, सिंगापूर म्हणतो. खरं घर आता रविवारी सकाळी अर्धा तास असतं. माझा बाप आणि माझा मुलगा एकमेकांशी बोलत असतात, आणि मी फोन धरून बसलेला असतो.