आत्याला हवा असलेला हुंकार

काल विष्णुपुरीच्या खोलीवर एकटीपुरत्या तुरीच्या शेंगा उकडल्या. त्या वासाने मुखेडजवळच्या आमच्या अंगणातली एक दुपार आठवली.

नवऱ्याने टाकलेली माझी आत्या शेंगा सोलत जंगलात वाट चुकलेल्या राजाच्या लेकीची गोष्ट सांगत होती. ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचे, नाहीतर गोष्ट थांबते, अशी आमच्याकडची रीत. माझी दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. पुस्तकात डोके खुपसून मी हुंकार द्यायला विसरले.

आत्या थांबली. "आगं, हूं कोनं म्हनावं? भिताडानं?"

"सांग की आत्या, मी ऐकायलेय."

"न्हाई. तू वाच. तुझं वाचनं लई मोठं हाय."

हसतच तिने सुपातली सालं शेळीपुढे टाकली. राजाची लेक जंगलातच राहिली.

मी शिकले, नोकरीला लागले, ते आत्याने माझ्या वाट्याची कामे उरकली म्हणून. गोष्ट पुरी करायला मात्र ती उरली नाही.

तेव्हा वाटायचे, हुंकार गोष्टीसाठी असतो. आता कामावरून येऊन कुलूप उघडते, दिवसभराचे काही सांगावेसे वाटते, ऐकायला कोणी नसते, आणि कळते, गावाकडच्या त्या घरात आत्याच्या बोलण्याला 'हूं' म्हणणारी मी एकटीच होते.