आपल्याकडे न आलेला दुसरा भाग

रविवारी दादाकडे गेले, तर तो फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बसला होता. फोनवर कुणी जपानी माणूस व्हिडिओ गेम खेळत होता आणि दादाचे दोन्ही अंगठे रिकाम्या टेबलावर आपोआप हलत होते. या गेमचा पहिला भाग आम्ही शाळेत असताना रोज खेळायचो. तो एका बंद दारापाशी संपायचा. दारापलीकडचा हा दुसरा भाग फक्त जपानमध्ये निघाला; इकडे कधी आलाच नाही.

"अहो, उठा, भाजी गार झाली," वहिनी म्हणाली.

"उजवीकडे वळ रे, उजवीकडे," दादा पुटपुटला. तो माणूस डावीकडे वळला.

कुणी आपल्याला नाही म्हटलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं. इथं कुणाला आपली आठवणच झाली नाही. कितीतरी गोष्टी अशा दुसऱ्यांच्या हातात बघता बघता वय सरतं. हात मात्र तयारीतच राहतात.

व्हिडिओ संपला. दादानं तोच पुन्हा पहिल्यापासून लावला आणि अंगठे टेबलावर टेकवले. वळण आलं तेव्हा मीही श्वास रोखून धरला.

तो माणूस डावीकडेच वळला.