पडद्यामागची डावरी माणसं

राजूरच्या गणपतीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागला की हसनाबादच्या चतुराबाईचा पाय घरात ठरत नसे. नवरा रखमाजी चिडवायचा, "गणपतीला चालली का तंबूला?" ती म्हणायची, "दोन्हीकडं." आधी देवाला हात जोडायची आणि मग तंबूत शिरायची. खोटं कशाला बोला!

निजामाच्या राज्यातले ते मुके सिनेमे. पुरुष पडद्यासमोर बसत, बायका पडद्यामागे. कापड ओलं असलं की चित्र आरपार दिसे, म्हणून त्यावर सारखं पाणी मारावं लागे. हे काम चतुराबाईनं आपण होऊन मागून घेतलं होतं. शेजारी बादली, मांडीवर लेक मच्छिंद्र आणि समोर ओल्या कापडावर हलणारी चांदण्याची माणसं. पुढं पुढं विहिरीत घागर बुडवतानाही तिला पाण्यात राजवाडे दिसू लागले.

मच्छिंद्र डावरा होता. पेरणीच्या दिवशी रखमाजी त्याला बियाण्याला हात लावू देत नसे. पंगतीत वाढायला उभा राहिला तर म्हातारे ताटावर हात आडवा धरत. लेकराचं तोंड एवढंसं होई. चतुराबाईचं काळीज तुटायचं. ती त्याला जवळ घेऊन सांगायची, "रडू नको. त्या पडद्यातल्या मुलखात समदे डावरेच हायेत. राजासुद्धा डाव्या हातानं जेवतो, म्या माझ्या डोळ्यानं बघितलं." आणि तिनं खरंच तसं पाहिलं होतं.

मच्छिंद्र मोठा झाला, तंबूत यंत्र चालवणाऱ्या नरहर मास्तरांच्या हाताखाली लागला. मास्तरांनी कोल्हापूरच्या एका सिनेमा कंपनीत त्याची शिकायची सोय लावली. रखमाजी उखडला. "सिनेमा बघायला लोक जातेत. शिकायला कोणी जातं का? काय शिकवतेत तिथं?"

"ते मला काय माहीत? पण तिथं त्याच्या हाताला कोणी नावं ठेवणार न्हाई."

चतुराबाई इतकं ठासून कधी बोललीच नव्हती. रखमाजीनं दोन दिवस तोंड फुगवलं आणि शेवटी मान हलवली.

पोरगा निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तंबू अजून रिकामाच होता. पडदा समोरून सुकलेला वाटला म्हणून चतुराबाई पहिल्यांदाच बादली घेऊन पुढच्या बाजूला गेली. नेमकं तेव्हाच मास्तरांनी मच्छिंद्रला हाताशी घेऊन यंत्र चालवून बघितलं. राजा जेवायला बसला. उजव्या हातानं. शिपायानं तलवार उपसली, तीही उजव्या हातानं. चतुराबाई धावत मागं गेली, तर शिपाई डावरा. पुन्हा पुढं आली, तर उजवा. ज्या मुलखाच्या भरवशावर आपण पोटचा गोळा धाडतोय, तो मुलूखच नाही!

"मच्छिंद्रा," ती रडवेली होऊन म्हणाली, "म्या तुला फसविलं रे. ते बी हितल्या लोकांसारखेच उजवे हायेत. नको जाऊ."

मच्छिंद्र यंत्रापासून उठून आला. "आई, मला लई दिवसापासून माहीत हाय. यंत्राला हात लावला तवाच कळलं."

"मंग बोलला का न्हाई?"

"तू कुठं खोटं बोलली? तुझ्या जागेवरून तसंच दिसतं, बराबर हाय. मास्तर म्हणतेत, तिथं हेच शिकवतेत. कोण कुठं बसून बघून राह्यलं, ते आधी बघायचं. मंग चित्राला हात घालायचा."

चतुराबाईनं पदरानं डोळे पुसले. तरी तिच्यानं राहवेना.

"आन् तिथं कोणी तुला डावरा म्हणून हिणवलं तर?"

मच्छिंद्रनं तिच्या हातातली बादली डाव्या हातानं घेतली.

"त्याला पडद्यामागं बसवीन," तो म्हणाला. "तुझ्या शेजारी."