नेदरलँडची खुर्ची

कॉलेजात वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, चहाबरोबर आपोआप जमतात. पण खेडकर सरांच्या युरोपचे किस्से सांगताना मी अजूनही दाराकडे पाठ करून बसत नाही, बाई!

खेडकर सर आमचे राज्यशास्त्राचे विभागप्रमुख. युरोपची सामायिक घटना सगळ्या देशांनी मान्य केली तरच लागू व्हायची होती. फ्रान्स आणि नेदरलँडच्या लोकांनी 'नाही' म्हटलं आणि ती बारगळली. सरांना ते फार लागलं. "तिकडं नाही तर नाही, रिटायर व्हायच्या आत आपल्या हॉलमध्ये मंजूर करून दाखवतो!" मग दरवर्षी पंचवीस खुर्च्या, पंचवीस देश, पंचवीस विद्यार्थी आणि लुटुपुटूचं मतदान.

*

पहिल्या वर्षी श्रीगोंद्याचा गणेश नेदरलँड झाला. त्याला जुनी, हाताची लाकडी खुर्ची मिळाली. चोवीस होकार झाले. तो उठला आणि म्हणाला, "न्हाई!"

सर भडकले. गणेश रडवेला. "आईशप्पथ सर, मी व्हय म्हनायलाच उठलो हुतो!"

*

पुढच्या वर्षी सरांनी पाट्या बदलल्या. त्या खुर्चीत इटली बसला. नेदरलँड झकास 'हो' म्हणाला.

इटली म्हणाला, "नाही!"

*

आमचे शिपाई बाबूमामा शिंगणापूरकडचे. "मॅडम, ही साडेसाती हाय," म्हणत त्यांनी शनिवारी खुर्चीला तेल वाहिलं, आणि पुसायचं विसरले! त्या वर्षीची मुलगी घसरून थेट फरशीवर. हॉल हसून बेजार. उठताना तिनं खुर्चीचा हात धरला आणि ती म्हणाली, "नाही."

मग कुणी हसलं नाही.

*

"सर, भंगारात द्या ना ती!" मी म्हटलं.

"छे! हिला पटवूनच जाणार."

एकदा मधल्या सुट्टीत डोकावले, तर सर त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून घटनेची कलमं वाचत होते. मध्येच थांबून म्हणाले, "बरं, हा तुमचा मुद्दा रास्त आहे." मी चपला हातात घेऊन मागे फिरले.

*

सरांचं शेवटचं वर्ष. या वेळी त्या खुर्चीत ते स्वतः बसले. चोवीस होकार झाले. सगळे श्वास रोखून सरांकडे बघत होते.

सरांचा खणखणीत आवाज घुमला, "आमचा होकार!"

टाळ्या, शिट्ट्या! बाबूमामा तर रडायलाच लागले. मी धावत गेले. "सर, जिंकलात!"

सर घामानं निथळत होते. माझा हात घट्ट धरून पुटपुटले, "मॅडम, मी अजून तोंड उघडलंच नाही."