देणाऱ्यांचा ढीग

रंगूबाईच्या हातची गोधडी उलटी-सुलटी कुठूनही ओढा, टाका हलायचा नाही. मखमलाबादच्या मळ्यांत कुणाचं लग्न ठरलं की आधी रंगूबाईला निरोप जायचा, मग वाजंत्रीवाल्याला. बाई तोंडानं फटकळ. कुणी म्हणालं, "मावशी, जरा लवकर द्या," की ही म्हणायची, "घाई असंल तर दुकानातून ब्लँकेट आण." कडेपासून सुरुवात करायची, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यावर यायचं, ही तिची रीत. त्यात कुणी शहाणपण शिकवलं तर गोधडी तशीच परत.

२००६च्या उन्हाळ्यात शहरातल्या एका संस्थेच्या मॅडम तिच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांना अवयवदानाचा प्रचार करायचा होता. किडनी दिलेल्या आणि किडनी मिळालेल्या माणसांकडून त्यांनी एकेक जुना कपडा मागून आणला होता. देणाऱ्याचा तुकडा आणि घेणाऱ्याचा तुकडा शेजारी-शेजारी, अशा सतरा जोड्यांचा बॅनर शिवून हवा होता. वर लाल कापडाची मोठी अक्षरं, 'अवयवदान श्रेष्ठदान', आणि मागून मांजरपाटाचं अस्तर. छापील बॅनर काय कुणीही लावतं, हातानं शिवलेला बघून लोकांच्या काळजाला भिडेल, असं मॅडमचं म्हणणं.

एरवी रंगूबाईनं हे काम हसून उडवलं असतं. पण तिचाच धाकटा, राज, सहा महिने झाले, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होता. सव्वीस वर्षांचं पोर, मुठीएवढं तोंड झालेलं, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. डॉक्टरांनी घरातल्यांचं रक्त तपासलं. रंगूबाईचा गट जुळेना. तिच्या नवऱ्याला, सावळीरामला, साखर. थोरला फकिरा जुळला आणि चांदवडला दिलेली सुवर्णा जुळली. पुढच्या तपासण्यांना सुवर्णा आली. दोन पोरं जावेकडं ठेवून, सासरी वणीला देवीला जाते म्हणून खोटं सांगून आली. फकिरा म्हणाला, "बघू नंतर." घरातला थोरला बघू नंतर म्हणाला की त्याचं पुढं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

दुपारी ओट्यावर रंगूबाईनं मॅडमचं गाठोडं सोडलं. देणाऱ्यांचा ढीग डावीकडं केला, घेणाऱ्यांचा उजवीकडं. प्रत्येक कपड्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. रंगूबाई चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची, पण इथं वाचायची गरजच पडली नाही. डावीकडं साडी, साडी, नऊवारीचा काठ, गाऊन, पुन्हा साडी, ब्लाउज, ओढणी. उजवीकडं शर्ट, शर्ट, सफारीची बाही, शाळेचा युनिफॉर्म, पुन्हा शर्ट. सतरापैकी पंधरा देणाऱ्या बाया. दोन पुरुष निघाले. त्यातला एक सटाण्याचा बाप होता आणि त्याच्या चिठ्ठीवर मॅडमनी लिहिलं होतं, 'मुलाची आई हयात नाही'.

"म्हंजे आई जिती असती तर ह्याचा शर्ट शाबूत राह्यला असता," रंगूबाई शेजारच्या भागीबाईला म्हणाली. भागीबाई खो खो हसली. रंगूबाईला मात्र हसू आलं नाही.

दोन दिवसांनी मॅडम काम बघायला आल्या. रंगूबाईनं जोड्या मांडून ठेवल्या होत्या, सगळ्या साड्या एका बाजूला, सगळे शर्ट दुसऱ्या बाजूला. मॅडमचा चेहरा उतरला.

"मावशी, असं नको. तुकडे मिसळून टाका. जोड्या मोडल्या तरी चालतील."

"का?"

"बघणाऱ्याला वाटेल, फक्त बायकाच देतात."

"मग कोण देतं?"

मॅडम चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. बाई वाईट नव्हती, उन्हातान्हात गावोगाव फिरून तिनं ही चिंध्यांची दौलत जमवली होती. "तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण लोक आधी जवळ तर यायला हवेत. हे बघून एखादी पुढं यायची तीसुद्धा घरी बसेल."

रंगूबाईनं तुकडे मिसळले. कडेपासून टाके घालत निघाली, पण हाताला रोजचा वेग येईना. एकेक साडी सुईखालून सरकायची आणि तिच्यापुढं सुवर्णा उभी राहायची. सुवर्णाचं खोटं चांदवडला उघडं पडलं होतं. जावई सही द्यायला तयार झाला, पण सासूनं ठणकावलं होतं, पोट चिरून आलेली सून कांद्याच्या पाट्या काय उचलणार, तिकडंच राहा म्हणावं कायमची. दोन लेकरांची आई, तिचं घर सुटायची वेळ आली होती. आणि इथं फकिरा सकाळ-संध्याकाळ भाजीचा टेंपो मार्केटला नेत होता आणि रात्री घोरत होता.

एक दिवस रंगूबाईच्या डोक्यात तिडीक गेली. हातातलं कापड टाकून ती उठली आणि फकिराच्या ताटासमोर जाऊन बसली.

"फकिरा, तुझं बी रक्त जुळलंय. तू देतो का किडनी?"

फकिराचा घास हातातच राहिला. सून चुलीपाशी बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "मग टेंपो कोण चालवंल? क्रेट कोण उचलंल?" सावळीराम खाटेवरून म्हणाला, "कर्ता माणूस हे तो. त्याला काय झालं तर समदंच बसंल."

आणि सुवर्णा पाट्या उचलत नाय का? हे शब्द रंगूबाईच्या अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात फकिरानं मान वर केली. एवढा थोराड बाप्या, पण डोळे भरलेले. "आई, मला भ्या वाटतं," तो म्हणाला.

झालं. बाई विरघळली. "राहू दे, जेव तू," म्हणाली आणि आणखी एक भाकरी त्याच्या ताटात वाढली.

मागच्या दारी हात धुताना तिच्या ध्यानात आलं. फकिरा ऑपरेशनच्या टेबलावर पडलाय, असं नुसतं मनात आलं तर तिच्या पोटात गोळा उठला होता. सुवर्णाच्या वेळी तो उठला नव्हता. दोघंही तिच्याच पोटची, पण लेकीच्या वेळी तिनं फक्त बसचं टाइमटेबल विचारलं होतं. रंगूबाईला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी ती जेवली नाही.

कार्यक्रम रविवारी झाला. बॅनर खरोखर देखणा दिसत होता, कोण कुणाचा तुकडा काही कळत नव्हतं. किडनी मिळालेले चौघे स्टेजवर बसले, त्यांनी नवा जन्म मिळाल्याची भाषणं केली. त्यांच्या बायका नि बहिणी खाली खुर्च्यांवर पोरांना गप्प करत होत्या. रंगूबाईला गुलाबाचं फूल मिळालं. तिनं ते तिथंच खुर्चीवर ठेवलं.

ऑपरेशन गुरुवारचं ठरलं. मंगळवारी सुवर्णा पिशवी घेऊन आली, ओट्यावर बसली आणि सवयीनं मेथीची जुडी पुढ्यात ओढून निवडायला लागली. रंगूबाई तिच्याशेजारी टेकली.

"तुझ्या सासूच्या पाया पडायला येते मी," ती म्हणाली. "सांगते तिला, सहा महिने जड काम देऊ नको म्हणून."

"नको. मी बघीन माझं."

रंगूबाईनं जुडीतल्या अर्ध्या काड्या आपल्यापुढं ओढल्या. मग सुवर्णा खाली बघतच म्हणाली, "वहिनी सांगत होती, दादाला तू विचारलं म्हणं, देतो का म्हणून."

"विचारलं."

"मला एसटीडीवरनं फोन केला तव्हा काय म्हणाली होती, आठवतंय का? बस कितीची हे, सोमवारी सकाळी उपाशीपोटी ये, एवढंच. मला कुणीच नाय विचारलं, आई. ना तू, ना आबांनी."

रंगूबाईनं लेकीचा हात धरला. "सुवर्णा, मग आता मी..."

"आता नको." सुवर्णानं हात सोडवून घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "उद्या दवाखान्यात डॉक्टर विचारतील, खुशीनं देता का. त्यांना हो म्हणीन. राजसाठी म्हणीन. पण तू नको विचारू. तू विचारलं तर माझ्या तोंडून 'नाय'च निघंल."

आतल्या खोलीत राजनं पाणी मागितलं. सून म्हणाली, आत्ताच तर दिलं होतं, आता तासाभरानं. रंगूबाई लेकीच्या तोंडाकडं बघत बसली. विचारायला एकच शब्द पुरला असता, आणि सुवर्णाही मेथीची काडी हातात धरून, न निवडता, थांबली होती.

रंगूबाईनं विचारलं नाही.