लॉजच्या फरशीवर

धाकूकाकांबद्दल मला खरं म्हणजे फारसं माहीत नाही. त्यांचं मूळ गाव कोणतं, वय किती, हेही कधी विचारलं नाही. १९५२ साली मी कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि कचेरीत जाताना त्यांच्या जागेवरून जायचो, एवढाच संबंध.

ती जागा फ्रीमेसन लॉजची, म्हणजे त्या नावाच्या गुप्त मंडळाच्या सभाघराची. रेल्वेतले गोरे साहेब महिन्यातून एकदा तिथे दारं लावून जमत. आत काय चालतं ते दिसत नाही, म्हणून लोकांनी त्या बंगल्याला जादूघर ठरवलं. धाकूकाका तिथले पहारेकरी. बावीस वर्षं दाराबाहेर उभे राहिले. आत पाऊल टाकायचं नाही असा हुकूम होता. साहेब विलायतेला गेले, बंगला पाडला गेला. उरली काळ्यापांढऱ्या चौकोनांची फरशी, आणि कडेला काकांची झोपडी. काका अजूनही फरशीवर पाय ठेवत नसत. बाहेर उभं राहून लांब दांड्याच्या खराट्याने ती झाडत.

“काय रे धाकू, आज कुनाचा बकरा कापला?” खाडीकडे जाणारे गावकरी विचारत.

“तुज्या सासऱ्याचा! जा, मटन घेऊन जा.”

सगळे हसत. पण काकांच्या हातचं पाणी कुणी पीत नसे. त्यांची एकुलती मुलगी सगुणा शहाडला दिलेली. तिचं पहिलं मूल दगावलं, तेव्हा सासरच्यांनी जादूघराला दोष दिला. तेव्हापासून सात वर्षं तिला बापाकडे पाठवलं नव्हतं.

“भाऊ, तुमी कदी कदी कामानं शहाडला जाता ना?” एकदा काकांनी मला विचारलं. “माज्या पोरीला सांगा, बंगला परला. भूत असंल तं तेपन गेलं. ऐतवारी ये म्हनावं.”

मी गेलो. सगुणा दारात तांदूळ पाखडत होती. आतून सासूचा खोकला ऐकू येत होता. परक्या बाईशी बोलणं मला आजही जमत नाही.

“काय पायजे?” तिने विचारलं.

“स्टेशन कुठे?” मी म्हणालो.

तिने हात केला. मी त्या दिशेने चालू लागलो.

काकांना मात्र “सांगितलं” म्हणालो.

त्या रविवारी मला कचेरीत बोलावलं होतं. सकाळी जाताना पाहिलं, फरशी धुतलेली होती. काका तिच्या मधोमध चटई टाकून बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“पोरीला दिसू दे, आत कायबी नाय,” ते म्हणाले. शेजारी दोन कप पालथे घातलेले.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. संध्याकाळी मी दुसऱ्या वाटेने घरी गेलो, आणि पुढेही त्याच वाटेने जात राहिलो. वर्षभराने तिथे नवी चाळ उठली. धाकूकाका कुठे गेले, मी कुणाला विचारलं नाही.

त्या सकाळी मी निघताना ते म्हणाले होते, “भाऊ, चा घेऊन जा.”

“येताना घेतो, काका.”

“या मंग. दूध हाय भरपूर.”